शस्त्र चालवण्याचा निर्णय माणसाचा की मशीनचा? मित्रदेशांचे नियम काय सांगतात आणि रावेत-चाकणला ते का माहीत हवेत

सकाळी साडेआठला रावेतजवळच्या मुकाई चौकात उभं राहिलं की तीन दिशांना जाणारी गर्दी दिसते. एक गर्दी पुनावळेमार्गे हिंजवडीला निघालेली असते, गळ्यात आयडी कार्ड, पाठीवर लॅपटॉपची बॅग. दुसरी कंपनीच्या बसने तळवडे, चाकणकडे. तिसरी वाट देहूरोडची. तिथे कॅन्टोन्मेंट आहे, लष्कराचा ऑर्डनन्स डेपो आहे आणि ऑर्डनन्स फॅक्टरीही. ही फॅक्टरी ऑक्टोबर २०२१ पासून म्युनिशन्स इंडिया लिमिटेड या सरकारी कंपनीचा भाग आहे आणि त्या कंपनीचं मुख्यालय पुण्यातच आहे.

एका दिशेला सॉफ्टवेअर, दुसरीकडे सुटे भाग, तिसरीकडे लष्कर. इतकी वर्षं ही तीन कामं बऱ्यापैकी वेगवेगळी होती. आर्टिफिशियल इंटेलिजन्स, म्हणजे एआय, युद्धात आल्यापासून ती एकमेकांत मिसळू लागली आहेत.

साधं उदाहरण घ्या. चाकणच्या एखाद्या कारखान्यात कॅमेरा लावलेला असतो. समोरून जाणाऱ्या पार्टवर स्क्रॅच आहे की डेंट, हे तो ओळखतो. त्यामागचं तंत्र असं, की हजारो फोटो दाखवून सॉफ्टवेअरला 'हे असं दिसलं की खराब' हे शिकवायचं. आता पार्टच्या फोटोंऐवजी ड्रोनने टिपलेले रणगाड्यांचे फोटो दाखवा. तेच तंत्र आता लक्ष्य ओळखायला लागतं.

मग प्रश्न येतो, लक्ष्य ओळखल्यावर पुढे काय? गोळी झाडायची की नाही हे कोण ठरवणार? मशीन चुकलं, आणि रणगाड्याऐवजी शाळेची बस निघाली, तर जबाबदार कोण? सैनिक, अधिकारी, की कोड लिहिणारा इंजिनिअर?

या प्रश्नांना अमेरिका, ब्रिटन, फ्रान्स, जपान, ऑस्ट्रेलिया या देशांनी आपापली उत्तरं लिहून ठेवली आहेत. हे सगळे एकमेकांचे मित्र, बरेचसे भारताचेही भागीदार. तरी उत्तरं सारखी नाहीत. भारताचं उत्तर तर अजून अर्धंच लिहून झालंय.

आधी समजून घेऊ : लष्करी एआय म्हणजे फक्त 'किलर रोबो' नाही

लष्करात एआयचा वापर ढोबळमानाने चार पायऱ्यांवर होतो.

पहिली पायरी देखभालीची. ट्रकचं इंजिन कधी बिघडेल, कोणता सुटा भाग कधी लागेल, याचा अंदाज. दुसरी पायरी पाळत ठेवण्याची. सीमेवरच्या कॅमेऱ्यांतून हालचाल टिपणं, उपग्रहाचे फोटो वाचणं. तिसरी पायरी सल्ल्याची. समोर शंभर धोके आहेत, त्यांतला आधी कोणता हाताळावा, हे अधिकाऱ्याला सुचवणं. चौथी पायरी थेट शस्त्राची.

पहिल्या पायरीवर फारसा कुणाचा आक्षेप नाही. वाद तिसऱ्या पायरीपासून सुरू होतो आणि चौथ्या पायरीवर पेटतो.

शस्त्राच्या बाबतीत माणसाची जागा कुठे, हे सांगायला तीन शब्दप्रयोग वापरले जातात. 'ह्युमन इन द लूप' म्हणजे माणसाने होकार दिल्याशिवाय शस्त्र चालत नाही. 'ह्युमन ऑन द लूप' म्हणजे शस्त्र स्वतःहून चालतं, पण माणूस नजर ठेवून असतो आणि थांबवू शकतो. 'ह्युमन आउट ऑफ द लूप' म्हणजे एकदा सोडलं की माणसाचा संबंध संपला.

महाराष्ट्रातलंच उदाहरण बघू. नागपूरच्या इकॉनॉमिक एक्स्प्लोझिव्ह्ज लिमिटेडने 'नागास्त्र-१' हे लॉयटरिंग म्युनिशन बनवलं. हे आकाशात घिरट्या घालत लक्ष्य शोधतं आणि सापडलं की त्यावर जाऊन आदळतं. लष्कराने दिलेल्या ४८० च्या ऑर्डरपैकी १२० नागास्त्रं जून २०२४ मध्ये लष्कराकडे पोहोचली. यातली महत्त्वाची सोय म्हणजे लक्ष्य सापडलं नाही किंवा मोहीम रद्द झाली, तर ते परत बोलावता येतं आणि पॅराशूटने खाली उतरवता येतं. 'थांब' म्हणण्याची ही सोय शस्त्रात असावी की नसावी, आणि असलीच पाहिजे असा नियम करावा का, यावर सगळी चर्चा फिरते.

अमेरिका : बंदी नाही, पण सही वरच्या साहेबांची

या विषयावर सगळ्यात जुना सविस्तर नियम अमेरिकेचा. २०१२ मध्ये त्यांच्या संरक्षण खात्याने 'डायरेक्टिव्ह ३०००.०९' काढला आणि जानेवारी २०२३ मध्ये त्यात सुधारणा केली.

अनेकांना वाटतं, की या नियमात 'माणूस हवाच' असं लिहिलंय. तसं नाही. बळाचा वापर करताना 'योग्य प्रमाणात मानवी विवेक' वापरता आला पाहिजे, असं त्यात म्हटलंय. योग्य म्हणजे किती, हे शस्त्र आणि परिस्थिती बघून ठरवायचं. म्हणजे पूर्ण स्वायत्त शस्त्रावर अमेरिकेत सरसकट बंदी नाही. मात्र असं शस्त्र विकसित करण्याआधी एकदा आणि प्रत्यक्ष सैन्याला देण्याआधी पुन्हा एकदा, अशी दोनदा वरिष्ठ पातळीवर तपासणी लागते. तातडीची लष्करी गरज असेल तर या तपासणीतून सूट देण्याची वाटही ठेवलेली आहे.

याशिवाय फेब्रुवारी २०२० मध्ये त्यांनी एआयसाठी पाच तत्त्वं स्वीकारली. त्यातलं एक 'गव्हर्नेबल' हे. त्याचा अर्थ, सिस्टिम भलतंच वागायला लागली तर ती बंद करता आली पाहिजे.

फेब्रुवारी २०२३ मध्ये अमेरिकेने याच धर्तीवर एक राजकीय जाहीरनामा जगापुढे ठेवला आणि इतर देशांना त्याला पाठिंबा द्यायला सांगितलं. पन्नासहून जास्त देशांनी तो दिला. हा जाहीरनामा कायद्याने बंधनकारक नाही.

ब्रिटन : माणूस हवा, पण व्याख्या नको

ब्रिटनने जून २०२२ मध्ये संरक्षण एआयचं धोरण आणि त्यासोबत नैतिक तत्त्वं जाहीर केली. संदर्भानुसार योग्य असा मानवी सहभाग नसलेली शस्त्रं बनवण्याचा इरादा नाही, असं त्यात म्हटलंय. भाषा अमेरिकेपेक्षा जरा कडक आहे. पण 'संदर्भानुसार' या शब्दात बरंच काही मावतं.

तिथल्या संसदेच्या वरच्या सभागृहातल्या समितीने डिसेंबर २०२३ मध्ये नेमकं यावरच बोट ठेवलं. स्वायत्त शस्त्र म्हणजे काय, याची व्याख्या तरी आधी करा, असं समितीने सुचवलं. सरकारने ते मानलं नाही. व्याख्या केली की तिच्यात अडकायला होतं, ही सरकारची अडचण.

नोव्हेंबर २०२४ मध्ये ब्रिटनने तत्त्वांवरून पुढचं पाऊल टाकलं. 'जेएसपी ९३६' ही नियमावली आली. एआय विकसित करताना, तपासताना आणि वापरताना कुणाची काय जबाबदारी, हे तिच्यात ठरवून दिलंय. पुरवठादार कंपन्यांच्या दृष्टीने भाषणांपेक्षा अशी नियमावली जास्त महत्त्वाची असते, कारण त्यांच्याकडे मागितले जाणारे कागद तिच्यातून ठरतात.

फ्रान्स आणि जर्मनी : एका बाजूला बंदी, दुसऱ्या बाजूला अटी

फ्रान्सने रेष जास्त स्पष्ट ओढली आहे. त्यांच्या संरक्षण खात्याच्या नैतिकता समितीने एप्रिल २०२१ मध्ये दिलेल्या मतात शस्त्रांचे दोन गट केले. पूर्ण स्वायत्त घातक शस्त्रं, म्हणजे जी स्वतःच स्वतःचे नियम बदलू शकतात आणि अधिकाऱ्याच्या हाताबाहेर जाऊ शकतात, ती नकोत. अंशतः स्वायत्त शस्त्रं, जिथे अधिकाऱ्याने हद्द आणि लक्ष्य ठरवून दिलंय, ती अटींसह चालतील.

आंतरराष्ट्रीय पातळीवर फ्रान्स आणि जर्मनी मिळून हीच दुहेरी मांडणी करतात. युद्धाच्या आंतरराष्ट्रीय कायद्यात जी शस्त्रं बसूच शकत नाहीत त्यांच्यावर बंदी, आणि बाकीच्यांवर नियम.

पण फ्रान्स एआयपासून दूर राहतोय असा याचा अर्थ नाही. २०२४ मध्ये त्यांनी संरक्षण एआयसाठी 'अमियाद' ही वेगळी एजन्सीच उभी केली.

इथे एक गोष्ट अनेकांच्या लक्षात येत नाही. युरोपियन युनियनचा गाजलेला एआय कायदा ऑगस्ट २०२४ मध्ये लागू झाला. नोकरीच्या अर्जांपासून चेहरा ओळखणाऱ्या कॅमेऱ्यांपर्यंत अनेक गोष्टी त्यात येतात. पण लष्करी वापर त्यातून सरळ वगळलेला आहे. म्हणजे रेझ्युमे चाळणाऱ्या सॉफ्टवेअरवर युरोपात कडक कायदा आहे आणि लक्ष्य निवडणाऱ्या सॉफ्टवेअरवर युरोपभर लागू असा एकही कायदा नाही. तिथे ज्याचं त्याचं राष्ट्रीय धोरण.

जपान, ऑस्ट्रेलिया आणि नाटो

जपानने २०२४ मध्ये संरक्षणात एआय वापरण्याचं मूळ धोरण काढलं आणि २०२५ मध्ये शस्त्रसामग्रीच्या संशोधनासाठी मार्गदर्शक सूचना आणल्या. त्यांनी जोखमीप्रमाणे प्रकल्पांची वर्गवारी केली. जास्त जोखमीच्या प्रकल्पाला जास्त तपासणी.

ऑस्ट्रेलियात संरक्षण संशोधन संस्थेने फेब्रुवारी २०२१ मध्ये नैतिक एआयची पद्धत सांगणारा अहवाल काढला. तो सरकारचं अधिकृत धोरण म्हणून आलेला नाही, पण त्यात प्रकल्प राबवणाऱ्यांसाठी तपासण्याच्या याद्या आहेत. कोणत्या टप्प्यावर कोणता प्रश्न विचारायचा, अशा.

नाटोने ऑक्टोबर २०२१ मध्ये सहा तत्त्वं स्वीकारली आणि जुलै २०२४ मध्ये आपली रणनीती सुधारली. कायदेशीरपणा, जबाबदारी, निर्णयाचा माग काढता येणं, विश्वासार्हता, नियंत्रण आणि पूर्वग्रह कमी करणं, ही ती तत्त्वं.

मित्रदेशांमध्ये हा फरक असणं ही फक्त कागदी अडचण नाही. एकत्र लढायचं असेल तर एका देशाच्या ड्रोनने टिपलेलं लक्ष्य दुसऱ्या देशाच्या तोफेकडे जातं. पहिल्या देशात जी गोष्ट चालते ती दुसऱ्याच्या नियमात बसत नसेल, तर ऐन वेळी कुणाचा नियम लागू, हा प्रश्न उभा राहतो.

मग भारत कुठे आहे?

भारताने सुरुवात लवकर केली होती. फेब्रुवारी २०१८ मध्ये संरक्षण मंत्रालयाने एआयसाठी टास्क फोर्स नेमला. अध्यक्ष होते टाटा सन्सचे एन. चंद्रशेखरन. त्यांच्या शिफारशींवरून २०१९ मध्ये संरक्षणमंत्र्यांच्या अध्यक्षतेखाली 'डिफेन्स एआय कौन्सिल' आणि प्रकल्प राबवण्यासाठी 'डिफेन्स एआय प्रोजेक्ट एजन्सी' या दोन यंत्रणा उभ्या राहिल्या. दरवर्षी १०० कोटी रुपयांची तरतूद ठरली. जुलै २०२२ मध्ये दिल्लीत एकाच कार्यक्रमात ७५ एआय उत्पादनं सादर झाली.

नियमांच्या बाबतीत मोठा टप्पा आला १७ ऑक्टोबर २०२४ ला. तत्कालीन सीडीएस जनरल अनिल चौहान यांनी 'ईटीएआय' ही चौकट जाहीर केली. ईटीएआय म्हणजे 'इव्हॅल्युएटिंग ट्रस्टवर्दी एआय', थोडक्यात लष्करी एआय विश्वासार्ह आहे की नाही हे तपासण्याची पद्धत. तिचे निकष पाच : भरवसा आणि मजबुती, सुरक्षितता, पारदर्शकता, निष्पक्षपणा आणि गोपनीयता.

ही यादी ब्रिटन किंवा नाटोच्या यादीशेजारी ठेवली तर बरंच साम्य दिसतं. एक मोठा फरकही दिसतो. त्यांच्या यादीत 'जबाबदारी' हे स्वतंत्र तत्त्व आहे. भारताच्या पाच निकषांमध्ये त्या नावाचा निकष नाही. आणि शस्त्र चालवताना माणसाची जागा कुठे, यावर अमेरिकेच्या ३०००.०९ सारखा दस्तऐवज भारताने लोकांसमोर ठेवलेला नाही. सिस्टिम कशी तपासायची हे आलंय. कुठे थांबायचं हे अजून यायचंय.

जागतिक मंचावर भारत 'नाही' का म्हणतो?

भारताने अमेरिकेच्या जाहीरनाम्याला पाठिंबा दिलेला नाही. म्हणजे 'क्वाड'मधल्या चार देशांपैकी अमेरिका, जपान, ऑस्ट्रेलिया आत आणि भारत बाहेर. सप्टेंबर २०२४ मध्ये सोलमध्ये झालेल्या लष्करी एआयवरच्या परिषदेत सुमारे साठ देशांनी कृती आराखडा मान्य केला, त्यातही भारत नव्हता.

संयुक्त राष्ट्रांत डिसेंबर २०२३ मध्ये स्वायत्त शस्त्रांवरचा पहिला ठराव मतदानाला आला. १५२ देश बाजूने, ४ विरोधात. विरोध करणाऱ्या चारांत रशिया, बेलारूस आणि माली यांच्यासोबत भारत होता. पुढच्या वर्षीच्या ठरावावर भारत तटस्थ राहिला.

हे वाचून भारत नियमांच्याच विरोधात आहे असं वाटू शकतं. पण इतिहास वेगळा आहे. या विषयावर जिनिव्हात जो सरकारी तज्ज्ञगट चर्चा करतो, त्याचं अध्यक्षपद २०१७ आणि २०१८ मध्ये भारताच्याच अमनदीपसिंग गिल यांच्याकडे होतं. भारताचं म्हणणं असं, की चर्चा जिनिव्हातच व्हावी. तिथे लष्करी ताकद असलेले देश बसतात आणि निर्णय सहमतीने होतात. दुसरीकडे समांतर दुकान उघडू नये.

यामागे व्यवहारी कारणंही आहेत. दोन शेजाऱ्यांशी सीमेवर तणाव असताना आपले हात आधीच बांधून घ्यायला भारत तयार नाही. आणि दुसऱ्यांनी बनवलेल्या नियमांवर नंतर सही करायची, याचा भारताला अणुकरारापासून कटू अनुभव आहे.

टीकाकारांचा मुद्दाही तितकाच वजनदार आहे. सहमतीचा अर्थ, एका देशाने मान हलवली नाही की सगळं अडतं. जिनिव्हातली चर्चा म्हणूनच वर्षानुवर्षं रेंगाळली आहे. संयुक्त राष्ट्रांचे सरचिटणीस आणि रेडक्रॉसची आंतरराष्ट्रीय समिती यांनी २०२३ मध्ये मिळून २०२६ पर्यंत करार करा, असं आवाहन केलं होतं. शिवाय अमेरिकेचा जाहीरनामा बंधनकारक नाही आणि त्यातल्या बऱ्याच गोष्टी ईटीएआयमध्ये आहेतच. मग बाहेर राहून भारत नियम लिहिणाऱ्यांच्या टेबलावरची खुर्ची सोडतोय का, हा प्रश्न उरतो.

आणि याचा रावेतशी काय संबंध?

समजा, पिंपरी-चिंचवडमधली वीस जणांची एक कंपनी आहे. गाड्यांच्या पार्टची तपासणी करणारं सॉफ्टवेअर ती बनवते. तिला ड्रोनसाठी लक्ष्य ओळखण्याचं मॉड्यूल बनवायची संधी आली. ही कल्पना फार लांबची नाही. दिघीला डीआरडीओची 'आर अँड डीई' ही प्रयोगशाळा आहे, जिथे बॉम्ब निकामी करणारा 'दक्ष' रोबो तयार झाला. फेब्रुवारी २०२४ मध्ये मोशीला लघुउद्योगांसाठी तीन दिवसांचं संरक्षण प्रदर्शन भरलं होतं, ते याच पट्ट्यातल्या कंपन्यांना लष्कराच्या कामाशी जोडण्यासाठी. २०२४-२५ मध्ये देशाची संरक्षण निर्यात २३,६२२ कोटी रुपयांवर पोहोचली.

आता ही कंपनी तेच मॉड्यूल आधी भारतीय लष्कराला आणि मग परदेशात विकायला गेली, तर काय होईल?

भारतात तिला ईटीएआयच्या निकषांवर उतरावं लागेल. बाहेर विकायचं तर आधी 'स्कोमेट' यादी बघावी लागेल. लष्करी आणि दुहेरी वापराच्या वस्तूंची ही यादी आहे आणि तिच्यातली गोष्ट परवान्याशिवाय देशाबाहेर पाठवता येत नाही. सॉफ्टवेअर आणि तंत्रज्ञानही या यादीत येतं. म्हणजे ईमेलने फाइल पाठवणं हीसुद्धा निर्यात ठरू शकते.

पुढे ब्रिटनचा ग्राहक विचारेल, कोणत्या टप्प्यावर कोण जबाबदार होतं ते दाखवा. नाटोतला देश विचारेल, मशीनने हे लक्ष्य का निवडलं याचा माग काढता येतो का. फ्रान्सला हवं असेल, की अधिकाऱ्याने आखून दिलेली हद्द सॉफ्टवेअर स्वतःहून ओलांडत नाही. अमेरिकेला बंद करण्याची सोय बघायची असेल.

ही उत्तरं माल तयार झाल्यावर देता येत नाहीत. फोटो कुठून आणले, कुणी त्यांना नावं दिली, कोणत्या हवामानात चाचणी झाली, कितीदा चुकलं, कोणत्या तारखेला कोणता बदल केला, हे पहिल्या दिवसापासून लिहून ठेवावं लागतं. गाड्यांच्या धंद्यात वाढलेल्या चाकणला ही शिस्त नवी नाही. पार्टच्या प्रत्येक बॅचचा हिशेब इथले सप्लायर वर्षानुवर्षं ठेवतात. तीच सवय डेटाला लावायची आहे.

कोड लिहिणाऱ्याला विचारायचा हक्क आहे का?

शेवटचा मुद्दा हिंजवडीच्या दिशेने जाणाऱ्या गर्दीचा. २०१८ मध्ये गुगलच्या हजारो कर्मचाऱ्यांनी कंपनीला पत्र लिहिलं. ड्रोनचे व्हिडिओ एआयने वाचण्याच्या अमेरिकी लष्कराच्या 'मेव्हन' प्रकल्पातून बाहेर पडा, अशी मागणी होती. कंपनीने कंत्राट पुढे वाढवलं नाही आणि शस्त्रांसाठी एआय बनवणार नाही असं तत्त्व जाहीर केलं. फेब्रुवारी २०२५ मध्ये मात्र तेच वचन गुगलने आपल्या तत्त्वांतून काढून टाकलं.

यावरून दोन गोष्टी कळतात. कर्मचाऱ्यांनी विचारलं तर कंपन्यांना उत्तर द्यावं लागतं. आणि कंपनीचं वचन हे कायद्याची जागा घेऊ शकत नाही, कारण ते कधीही बदलता येतं.

देशाच्या संरक्षणासाठी काम करणं अनेकांना अभिमानाचं वाटतं, आणि त्यात गैर काही नाही. सैनिकाचा जीव वाचवणारा, भूसुरुंग शोधणारा एआय कुणाला नको असेल? पण आपण लिहिलेला कोड चारपैकी कोणत्या पायरीवर वापरला जाणार, आणि चूक झाली तर नाव कुणाचं येणार, हे माहीत असणं त्या इंजिनिअरच्याही हिताचं आहे आणि सैनिकाच्याही.

अमेरिकेचं उत्तर लवचीक आहे, ब्रिटनचं मोघम, फ्रान्सचं त्यातल्या त्यात स्पष्ट. त्यातलं कोणतंही जसंच्या तसं उचलायची भारताला गरज नाही. पण देहूरोड, दिघी, चाकण आणि हिंजवडी एकमेकांना जोडले जात असताना, 'थांब' कोण म्हणणार याचं आपलं उत्तर लिहून लोकांसमोर ठेवायला हवं. ते ड्रोन उडण्याआधी ठरलेलं बरं.